विज्ञानाच्या व्हिडिओंतलं सुटलेलं राजकारण कसं ओळखावं: नव्या प्रेक्षकांसाठी

कृष्णविवरं, लसी, अणुभट्ट्या, दुष्काळ, मेंदू, कोसळलेले पूल. कुठलाही विषय घ्या, तो वीस मिनिटांत नीट समजावून देणारा व्हिडिओ आज सापडतोच. शाळेत विज्ञान रुक्ष वाटलेल्या असंख्य लोकांना या चॅनेल्सनी पुन्हा विज्ञानाकडे वळवलं आहे, आणि त्यासाठी मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. हा लेख त्यांना आवडीने बघणाऱ्यांसाठी आहे. त्यातही अशांसाठी, ज्यांना अलीकडे वाटू लागलं आहे की आकडे, आकृत्या, प्रयोग सगळं चोख असूनही गोष्टीतलं काहीतरी राहून जातं आहे.

राहून जातं ते बहुतेक वेळा एकाच प्रकारचं असतं: निर्णय कोणी घेतला, पैसा कोणाचा होता, आणि भोगावं कोणाला लागलं. व्हिडिओ खोटं बोलत नाही. बनवणाऱ्याला तो भाग आपल्या विषयाबाहेरचा वाटतो, इतकंच. म्हणून खोटी बातमी पकडायच्या पद्धती इथे चालत नाहीत. वेगळी सवय लावावी लागते.

पहिली पायरी: आधी कसोटी ठरवा

एका व्हिडिओत सगळं येऊ शकत नाही. कृष्णविवराच्या व्हिडिओत दुर्बिणीला निधी कुठल्या सरकारने दिला हे आलं नाही, तर काही बिघडत नाही. "यात राजकारण नाही" एवढ्यावरून कोणाला दोष देऊ नका. विचारायचं ते असं: व्हिडिओने स्वतःच जो प्रश्न मांडला आहे, त्याचं उत्तर ही सुटलेली गोष्ट कळल्यावर बदलतं का? बदलत असेल तर तो आंधळा कोपरा. बदलत नसेल तर ती साधी काटछाट, आणि काटछाट करण्याचा हक्क प्रत्येक सांगणाऱ्याला आहे.

आयर्लंडचा दुष्काळ घ्या. १८४५ साली बटाट्यावर करपा रोग आला, पिकं कुजली, पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. या विषयावरचा नेहमीचा व्हिडिओ रोगाच्या बीजाणूंचं चित्रण दाखवतो, सगळीकडे एकाच वाणाचं पीक घेणं किती धोक्याचं ते समजावतो आणि जैवविविधतेच्या महत्त्वावर संपतो. त्यातलं प्रत्येक वाक्य बरोबर असतं. पण तोच रोग त्याच वर्षी बेल्जियम आणि नेदरलँड्समध्येही होता. तिथेही माणसं मेली, मात्र आयर्लंडच्या मानाने फारच कमी. म्हणजे "इतकी माणसं का मेली?" या प्रश्नाचं उत्तर एकट्या बीजाणूंत नाही. दुष्काळ चालू असताना आयर्लंडमधून धान्य आणि जनावरं ब्रिटनला जातच होती. १८४७ च्या कायद्याने पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्या कुटुंबाला मदत हवी असेल तर आधी जमीन सोडायची अट घातली. हे कळल्यावर उत्तर बदलतं. प्रश्न "बटाटा का कुजला?" एवढाच असता, तर बदललं नसतं. हा फरक मनात पक्का करा, पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावर उभ्या आहेत.

दुसरी पायरी: संहिता उघडा आणि कर्ता शोधा

पहिल्यांदा व्हिडिओ विज्ञानासाठीच बघा, मन लावून. मग त्याची लिखित संहिता उघडा. यूट्यूबवर बऱ्याच व्हिडिओंच्या वर्णनाखाली ती मिळते. ती वाचताना क्रियापदांवर खूण करा आणि प्रत्येकाला विचारा: हे कोणी केलं? चांगल्या विज्ञान-व्हिडिओत निसर्गाच्या घटनांना नेहमी कर्ता असतो. न्यूट्रॉन केंद्रकावर आदळतो, उष्णता वाढते, झडप उघडते. माणसांची पाळी आली की मात्र "घेण्यात आलं", "हलवण्यात आलं", "दुर्दैवाने झालं" अशी वाक्यं सुरू होतात. कर्ता जिथे गळतो, तिथे थांबा.

सरावासाठी मी एकच विषय सुचवेन: कॅसल ब्राव्हो. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी प्रवाळद्वीपावर घेतलेली हायड्रोजन बॉम्बची चाचणी. स्फोट सुमारे सहा मेगाटनांचा होईल असा अंदाज होता, झाला पंधरा मेगाटनांचा. कारण विलक्षण आहे. इंधनातलं लिथियम-७ हे समस्थानिक काही करणार नाही असं गृहीत धरलं होतं, पण वेगवान न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ते फुटलं, ट्रिटियम हे संलयनाचं आणखी इंधन तयार झालं आणि संलयन अपेक्षेपलीकडे गेलं. हा भाग व्हिडिओंमध्ये फार सुंदर समजावलेला असतो. त्यानंतर बहुधा एक वाक्य येतं: "जवळच्या बेटांवर किरणोत्सारी राख पडली आणि तिथल्या लोकांना हलवण्यात आलं."

आता त्या एका वाक्यातली क्रियापदं सोडवा. ही बेटं मार्शल बेटं. संयुक्त राष्ट्रांनी ती विश्वस्त म्हणून अमेरिकेच्या हाती सोपवली होती, म्हणजे तिथल्या लोकांचं हित बघण्याची जबाबदारी अमेरिकेची होती. बिकिनीच्या रहिवाशांना १९४६ सालीच, मानवजातीच्या भल्यासाठी असं सांगून, बेट सोडायला लावलं होतं. ब्राव्होची राख पडली ती दीडशे किलोमीटरहून दूर असलेल्या राँगलॅपवर. तिथे माणसं राहत होती आणि चाचणीआधी त्यांना हलवलेलं नव्हतं. मुलं त्या पांढऱ्या राखेत खेळली. अमेरिकी नौदलाने त्यांना नेलं ते दोन दिवसांनी. मग त्यांच्या शरीरावर किरणोत्साराचा काय परिणाम होतो याचा अभ्यास सुरू झाला, "प्रोजेक्ट ४.१" या नावाने. १९५७ साली त्यांना परत त्याच बेटावर राहायला पाठवलं. १९८५ साली अखेर त्यांनी स्वतःच बेट सोडलं आणि त्यासाठी जहाज आलं ते ग्रीनपीस या संघटनेचं. मधल्या काळात, १९५४ च्या एप्रिलमध्येच, मार्शल बेटांच्या लोकांनी चाचण्या थांबवा असा अर्ज संयुक्त राष्ट्रांकडे केला होता. चाचण्या १९५८ पर्यंत चालल्या. १९४६ पासून एकूण ६७ झाल्या.

हे सगळं "पडली" आणि "हलवण्यात आलं" या दोन क्रियापदांच्या मागे होतं. व्हिडिओचा प्रश्न लिथियमपुरता असता तर ते सोडून देणं योग्यच होतं. पण शीर्षकात "इतिहासातली सर्वांत भीषण चूक" असं काही असेल, तर चूक फक्त अणुकेंद्रकाच्या हिशेबातली होती का, हे विचारायलाच हवं.

तिसरी पायरी: देश बदलून बघा

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती करून बघितली की एक वेगळंच चित्र समोर येतं. या चॅनेल्सना राजकारण दिसत नाही, असं मुळीच नाही. परक्यांचं राजकारण त्यांना लख्ख दिसतं. आपल्या बाजूचं राजकारण मात्र तांत्रिक बिघाड, अपघात किंवा मनुष्यस्वभाव म्हणून दिसतं.

दोन अपघात शेजारी ठेवा. एक चेर्नोबिल, २६ एप्रिल १९८६. त्यावरच्या जवळपास प्रत्येक व्हिडिओत, अणुक्रिया थांबवण्याआधी क्षणभर वाढवणारी, नियंत्रक दांड्यांची ग्रॅफाइटची टोकं येतात आणि त्यासोबत सोव्हिएत गुप्तताही येते: दांड्यांचा हा दोष १९८३ साली इग्नालिना इथल्या अणुभट्टीत दिसला होता, पण चेर्नोबिलच्या चालकांना त्याची पुरेशी कल्पना दिली गेली नाही. हे अगदी बरोबर आहे आणि सांगायलाच हवं. दुसरा भोपाळ, २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र. त्यावरचे व्हिडिओ बघा. टाकी क्रमांक ६१० मध्ये पाणी शिरलं, सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन तापलं, दाब वाढला, वायू सुटला. रसायनशास्त्र उत्तम. पण टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा काही महिने बंद करून ठेवलेली होती. सुटलेला वायू जाळून टाकणारी ज्वाला-यंत्रणा जोडणारा पाइप काढलेला असल्यामुळे निकामी होती. कारखाना तोट्यात होता, माणसं आणि प्रशिक्षण दोन्ही कमी केलं होतं. १९८९ साली भारत सरकार आणि युनियन कार्बाइड ही अमेरिकी कंपनी यांच्यात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. चेर्नोबिलमध्ये व्यवस्था दोषी, भोपाळमध्ये पाणी दोषी? हा फरक अणु आणि रसायन यांच्यातला नाही.

अशा जोड्या आणखी आहेत. राजकारणाने विज्ञान कसं नासवलं याचं उदाहरण म्हणून आनुवंशिकीशास्त्र नाकारणारा, स्टालिनचा पाठिंबा असलेला सोव्हिएत कृषितज्ज्ञ लायसेन्को हमखास येतो. आलंच पाहिजे. त्याच्या विरोधात उभे राहिलेले थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह १९४३ साली सारातोव्हच्या तुरुंगात मेले. पण ज्या चॅनेलने लायसेन्कोवर व्हिडिओ केला, त्याने सुप्रजननशास्त्रावर ("चांगल्या" वंशाचीच माणसं जन्मावीत या विचारावर) केला आहे का, आणि केला असेल तर त्याला "छद्मविज्ञान" म्हणून एका झटक्यात बाहेर काढलं आहे का, ते बघा. अमेरिकेत इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा १९०७ साली केला. सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली 'बक विरुद्ध बेल' या खटल्यात तशा कायद्याला मान्यता दिली. साठ हजारांहून अधिक लोकांवर तिथे अशा शस्त्रक्रिया झाल्या. त्यामागे त्या काळची प्रतिष्ठित माणसं आणि प्रतिष्ठित संस्था होत्या. तेही त्या वेळचं मान्यताप्राप्त विज्ञान होतं, आणि तेच समजून घ्यायला अवघड आहे.

अवकाशाच्या व्हिडिओंमध्येही बघा. सोव्हिएत अभियंता सर्गेई कोरोल्योव्ह याला स्टालिनच्या काळात छावणीत डांबलं होतं, हे आवर्जून सांगितलं जातं. पुढे अमेरिकेसाठी रॉकेटं बनवणारे जर्मन अभियंते व्हेर्नर फॉन ब्राऊन यांचं व्ही-२ क्षेपणास्त्र मिटेलबाऊ-डोरा या नाझी छावणीतल्या कैद्यांकडून वेठीने बनवून घेतलं गेलं, आणि ते बनवताना मेलेल्या माणसांची संख्या त्याच्या माऱ्यात मेलेल्यांपेक्षा जास्त होती, हे किती वेळा येतं?

ही पायरी प्रत्यक्षात अशी करा. व्हिडिओतल्या घटनेतला देश किंवा कंपनी कागदावर बदला. "अमेरिका"च्या जागी "रशिया" लिहा, खासगी कंपनीच्या जागी सरकारी खातं, आणि मग उलटही करून बघा. वाक्य अचानक अपुरं किंवा जास्तच तिखट वाटलं, तर तुम्हाला कोपरा सापडला. आपल्या स्वतःच्या देशाबद्दलचे व्हिडिओ बघताना ही पायरी सर्वांत जड जाते, म्हणून तिथे ती चुकवू नका.

चौथी पायरी: "आपण" म्हणजे कोण?

हवामानबदलाच्या व्हिडिओंत "आपण पृथ्वी तापवली", "मानवजातीने जंगलं तोडली" अशी वाक्यं असतात. औद्योगिक क्रांतीपासून जीवाश्म इंधनांतून हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. "आपण" म्हटलं की हा हिस्सा सगळ्यांत समान वाटला जातो. पुढचा टप्पा असतो तुमच्या वैयक्तिक कार्बन फूटप्रिंटचा, आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: प्रत्येकाने आपापला कार्बन फूटप्रिंट मोजावा ही कल्पना घराघरांत नेण्यात बीपी या तेल कंपनीच्या २००० नंतरच्या जाहिरातींचा मोठा वाटा होता. म्हणून ती कल्पना चुकीची ठरत नाही, पण ती कोणाला सोयीची आहे हे मात्र कळतं. व्हिडिओच्या शेवटी सुचवलेले उपाय दोन रकान्यांत लिहा, एकात तुम्ही करायचे, दुसऱ्यात कायदा, कर किंवा कंपन्यांवरची बंधनं लागणारे. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर तुमचं काम झालं.

पाचवी पायरी: एकच नायक, एकच खलनायक

गोष्ट सांगायला एक चेहरा लागतो, हे मान्य. पण चेहऱ्यामागे संस्था झाकली जाते. शिसेयुक्त पेट्रोलची गोष्ट बहुधा थॉमस मिजली या एकाच रसायनशास्त्रज्ञाची म्हणून सांगतात. त्याने १९२१ साली टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग इंजिनातला ठोका थांबवतं हे शोधलं, पुढे ओझोनच्या थराला घातक ठरलेले क्लोरोफ्लुरोकार्बनही दिले, म्हणजे एकट्या माणसाने अख्ख्या ग्रहाचं नुकसान केलं. गोष्ट म्हणून ती पकड घेते. पण मिजली जनरल मोटर्सचा नोकर होता. १९२४ साली जनरल मोटर्स आणि स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून एथिल कॉर्पोरेशन काढलं. त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या बेवे शुद्धीकरण कारखान्यात हे रसायन हाताळणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. शिसं विषारी आहे हे काही गुपित नव्हतं. तरी सरकारी समितीने बंदी घातली नाही, आणि पुढची कित्येक दशकं या विषयावरचं बरंचसं संशोधन उद्योगाच्याच पैशावर चाललं. क्लेअर पॅटरसन यांनी १९६० च्या दशकात शिशाचं प्रदूषण उघड केलं तेव्हा त्यांना याच उद्योगाच्या विरोधाला तोंड द्यावं लागलं. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणं थांबवणारा शेवटचा देश अल्जिरिया, साल २०२१. एका माणसाच्या चुकीला शंभर वर्षं लागत नाहीत.

नायकांनाही हाच नियम लावा. पेनिसिलिनची गोष्ट १९२८ साली फ्लेमिंग यांच्या बशीतल्या बुरशीपाशी संपत असेल, तर फ्लोरी, चेन आणि हीटली यांचं काम आणि युद्धकाळात अमेरिकी सरकारने उभं केलेलं उत्पादन कुठे गेलं ते विचारा. औषध रुग्णापर्यंत पोचलं ते त्यामुळे.

सहावी पायरी: पैसा बघा, पण घाईने निष्कर्ष काढू नका

प्रायोजक शोधणं सोपं आहे. व्हिडिओच्या कोपऱ्यातली सशुल्क प्रसिद्धीची सूचना, वर्णनातली ओळ, चॅनेलच्या संकेतस्थळावरचा मजकूर. अवघड असतं ते त्या पैशाने काय बदललं हे ठरवणं. बहुतेक वेळा उत्तर बदलत नाही, प्रश्न बदलतो.

२०२१ साली व्हेरिटॅशियम या नावाजलेल्या चॅनेलने स्वयंचलित मोटारींवर व्हिडिओ केला. प्रायोजक वेमो ही तशा मोटारी बनवणारी कंपनी होती आणि ते उघडपणे सांगितलेलं होतं. टॉम निकलस या ब्रिटिश व्हिडिओकाराने त्यावर सविस्तर टीका केली. मला त्यातून मिळालेला धडा असा: "यंत्र माणसापेक्षा सुरक्षित चालवतं का?" हा प्रश्न घेतला की चर्चा दोन प्रकारच्या चालकांची होते. "लोकांनी सुरक्षित प्रवास कसा करावा?" हा प्रश्न घेतला असता, तर बस, रेल्वे आणि रस्त्यांची रचना यांनाही बोलवावं लागलं असतं. वेमो आणि यूट्यूब दोन्ही अल्फाबेट या एकाच कंपनीच्या छत्राखाली आहेत, हेही माहीत असावं.

म्युनिकच्या कुर्त्सगेझाक्ट या विज्ञान-चॅनेलला गेट्स फाउंडेशन आणि ओपन फिलँथ्रॉपी या दानसंस्थांचा निधी मिळाला आहे आणि तशा व्हिडिओंत ते तसं सांगतात. यावरून त्यांचे व्हिडिओ विकले गेले असं म्हणणं अन्यायाचं होईल. विचारायचं ते असं: गरिबी आणि रोगराईवर तंत्रज्ञान आणि दानशूर लोक हेच उत्तर इतक्या सहज का सुचतं, आणि जमीन, मजुरी, कर्ज, पेटंट हे शब्द किती वेळा येतात?

शिवाय एक कारण सगळ्यांना लागू आहे. जाहिरातदारांसाठी योग्य मजकुराचे यूट्यूबचे नियम वादग्रस्त आणि संवेदनशील विषयांवर जाहिराती मर्यादित करू शकतात. एका वाक्यासाठी महिन्याचं उत्पन्न धोक्यात घालायला छोटं चॅनेल कचरणारच. तेव्हा प्रत्येक मौनामागे विचारधारा शोधू नका.

सातवी पायरी: आता तुमच्या बाजूच्या चॅनेलवर हेच करा

इथवरची उदाहरणं पटत गेली असतील, तर आता असं चॅनेल घ्या ज्याचं राजकारण तुम्हाला मान्य आहे. फुकुशिमा, मार्च २०११, हा चांगला विषय आहे. अणुऊर्जेच्या विरोधातला एखादा व्हिडिओ अणुभट्टीच्या चित्रावर अठरा हजारांहून अधिक मृत आणि बेपत्तांचा आकडा दाखवत असेल, तर तो आकडा भूकंप आणि त्सुनामीचा आहे, किरणोत्साराचा नाही. अणुऊर्जेच्या बाजूचा व्हिडिओ "किरणोत्साराने जवळपास कोणी मेलं नाही" एवढं सांगून थांबत असेल, तर त्याने स्थलांतराच्या हालात मेलेली माणसं सोडली आहेत. आणि हेही सोडलं आहे की प्रकल्प चालवणाऱ्या टेप्को कंपनीच्या स्वतःच्या २००८ सालच्या हिशेबात पंधरा मीटरहून उंच लाट शक्य दिसत होती, तरी भिंत वाढवली नाही. जपानी संसदेच्या चौकशी आयोगाने २०१२ साली ही दुर्घटना मानवनिर्मित ठरवली. दोन्ही व्हिडिओंत विज्ञानाचं एकेक वाक्य खरं असू शकतं.

सगळ्याचं कारण नफा किंवा सत्ता हेच सांगणाऱ्या चॅनेल्सचा आंधळा कोपरा विज्ञानाच्या बाजूला असतो. तिथे विचारा: यंत्रणा नेमकी कशी चालते हे यांनी समजावलं का? करपा रोग खरंच आला होता, लिथियम-७ खरंच फुटलं होतं.

मग सापडलं त्याचं काय करायचं?

चॅनेलला लिहा, पण आरोप लिहू नका. व्हिडिओतली नेमकी वेळ द्या, वाक्य उद्धृत करा, सुटलेली गोष्ट एका ओळीत सांगा आणि व्हिडिओच्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्यामुळे कसं बदलतं ते दुसऱ्या ओळीत. शिक्षक असाल तर व्हिडिओ वर्गात दाखवाच आणि तो जिथे थांबतो तिथून तास सुरू करा. राँगलॅपचा नकाशा फळ्यावर काढला तर मुलं उरलेले प्रश्न स्वतः विचारतात.

आणि चॅनेलची पारख करताना त्याच्या दुरुस्त्या बघा. दशांश चिन्ह चुकलं तर चांगली चॅनेल्स त्याच दिवशी दुरुस्ती टाकतात. कारणच अपुरं सांगितलं होतं अशी दुरुस्ती क्वचित येते. २०१९ साली कुर्त्सगेझाक्टने व्यसनावरचा आणि युरोपातल्या निर्वासितांवरचा असे आपले दोन गाजलेले जुने व्हिडिओ स्वतःहून काढून टाकले आणि ते आपल्या कसोटीला का उतरत नाहीत हे वेगळ्या व्हिडिओत सांगितलं. असं करणारं चॅनेल दिसलं तर ते बघत राहा, आणि त्यांना पत्र लिहायची वेळ आली तर सर्वांत आधी त्यांना लिहा, कारण तिथे ते वाचलं जाण्याची शक्यता जास्त आहे.